भादव्यातली शेगडी

ज्येष्ठ शु. १३

खडे आणले. गंगादशहऱ्याची गर्दी ओसरायची वाट बघत होते. आज ऊन चढायच्या आत मी आणि सूनबाई घाट उतरलो. कुसुम माझा दंड इतका घट्ट धरते की घरी येऊन बघावं तर बोटं उठलेली. गंगामाई पार तळाला गेल्येय. एरवी पाण्याखाली असतात त्या पायऱ्या शेवाळ वाळून काळ्या पडल्यात. तिथे शेवटच्या पायरीशी चाचपून सात खडे मिळाले. एक लालसर आहे, फार गोड.

माझ्या माहेरी, चिपळूणकडे, गौरीचे खडे म्हणजे काही शोधायची वस्तू नव्हे. भाद्रपदात पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, जायचं, वाकायचं, ओंजळ भरायची. इथे एवढी मोठी नदी पण तिला दगडच नाही. नुसता गाळ आणि वाळू. मिळतात ते घाटाच्याच पायऱ्यांचे झिजलेले कपचे. आणि भाद्रपदात तर घाटही नसतो, सगळं पाणी. म्हणून ह्या घरात खडे ज्येष्ठातच उचलून तांदळाच्या डब्यात ठेवायचे. सासूबाई तसं करत, त्यांच्या सासूबाई तसं करत. पहिल्यांदा कुणाला सुचलं कोण जाणे. विसर्जनाला वरच्या पायरीवरून सोडतो. मला आपलं वाटतं तेच खडे घरंगळत खाली जातात आणि ज्येष्ठात परत आमच्याच हाताला लागतात. कुसुमला सांगितलं तर हसली.

मुख्य राहिलंच. अनंता उद्या इंदूरला जातोय, लेकीला, हेमाला आणायला. पहिलं बाळंतपण माहेरीच. म्हणजे मी पणजी. दुसरी इयत्ता शिकलेली पणजी. हेमानेच लग्नाआधी ही वही दिली होती, आजी, रोज चार ओळी लिही नाहीतर अक्षर विसरशील म्हणून. जोडाक्षरं अडतात अजून. बाई ग, आता पणतवंडाला वाचून दाखवीन.


ज्येष्ठ व. ५

हेमा आली. पोट केवढं. चेहरा उतरलाय पण. गाडीत उन्हाची लू लागली की काय, मी लगेच कैरीचं पन्हं दिलं, कानात कांदा ठेवला. म्हणते, आजी काय तू, कांद्याने काय होतं. मी म्हटलं, होतं काही नाही, पण बरं वाटतं ना.

सगळे खालच्या दालनात राहतोय. खिडकी नाही म्हणून एरवी अडगळ असते तिथे, पण ह्या दिवसांत घरात तीच एक जागा माणसांची. दगडी फरशीवर पाणी शिंपडायचं आणि पडून राहायचं. मी ह्या घरात आले तेव्हा बारा वर्षांची होते, मला कळेचना की ही माणसं सारखी सामान का हलवतात. उन्हाळ्यात तळाला, पाऊस लागला की मधल्या मजल्यावर, थंडीत छतावर उन्हात. बिऱ्हाड तेच, जिना तोच, वर्षभर आपले वर-खाली. आमचे हे म्हणायचे, आपण घरातल्या घरात देश बदलतो.

कुरडया फुकट गेल्या. ह्या वाऱ्यात चीक घातल्याघातल्याच तडकतो. माहेरी दोन दोन दिवस वाळवायला लागायच्या. उरल्या त्या माकडांनी नेल्या. एक माकडीण पोराला पोटाशी घेऊन कठड्यावर बसून खात होती, हाकलवेना.


आषाढ शु. ८

पाऊस पडला. लोक म्हणतात गारवा आला. कुठला. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ येते जमिनीतून. इथले उमस म्हणतात. अंगावरचा घाम पुसला तर पुसलेलं फडकं पिळावं लागतं.

आमच्याकडचा पाऊस असा नव्हता. तिकडे पाऊस लागला की हाडं गारठायची. शेणाच्या जमिनीला ओल, भिंतीला ओल, धुतलेलं लुगडं चार दिवस चुलीवरच्या दांडीवर. आई बाळंत झाली की बाजेखाली शेगडी आणि खोलीला एक फट म्हणून ठेवायची नाही. मी दाराशी बसून निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकायची. त्या धुरीचा वास मला अजून आवडतो. माझी दोन्ही बाळंतपणं ह्याच घरात, मधल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, तशीच झाली. सासूबाईंनी रीत सोडली नाही. मीही सोडणार नाही.

माळ्यावरून शेगडी काढली. एका बाजूला तडा गेलाय, मातीने लिंपली. कुसुम बघत होती. म्हणाली, सासूबाई, तेव्हा फार उमस असेल ना. मी म्हटलं, बाळंतिणीला वारा लागला तर जन्मभर कंबर धरून बसेल, मग तू चोळशील का. मातीचं भांडं उचलून खाली गेली. ती तशी बोलत नाही. जबलपूरची. वीस वर्षांहून जास्त झाली ह्या घरात, आवाज चढवलेला नाही.


श्रावण शु. ६

इथल्यांचा सावन आपल्याआधी पंधरवडाभर लागतो, त्यामुळे त्यांचे उपास अर्धे संपले की आपले सुरू. हेमा लहानपणी दोन्हीकडचा फराळ खायची. आठवण काढून हसलो आज.

पाणी चढतंय. छन्नू मल्लाह (नाववाला, ह्यांच्या वेळेपासून घरचा) आला तो म्हणाला, माई, बढाव हौ. रोज सकाळी गल्लीतले पुरुष घाटाच्या तोंडाशी उभे राहून बोटं दाखवतात, काल कुठे होतं, आज कुठे. कुणी पेपर वाचत नाही ह्या दिवसांत, पाणीच वाचतात.

चूल वर नेली. म्हणजे आता चूल कुठली, स्टोव्ह, पण म्हणायचं चूल वर नेली. डाळीचे डबे, पाटे, देव, सगळं मधल्या मजल्यावर. खडेही. आमच्या घरात पाणी घाटावरून येत नाही, आधी मोरीतून येतं. नाली उलटी वाहायला लागली की समजायचं गंगामाई दारी आल्या.

अनंता काल म्हणाला, आई, रेल्वे कॉलनीत माझ्या ऑफिसातले एक जण सुट्टीवर गेलेत. क्वार्टर उघडं आहे. उंचावर आहे, मोठ्या खिडक्या आहेत. हेमाला दवाखान्यातून थेट तिकडे नेऊ, पाणी उतरेपर्यंत.

परक्याच्या घरी बाळंतीण? मला ऐकवेना. आपलं घर असताना. मी जेवले नाही रात्री. आज सकाळी अनंता म्हणाला, बरं, राहू दे.


श्रावण व. ११

मुलगी. मुलगी. मुलगी झाली.

दुपारी, दवाखान्यात, सुखरूप. अनंता सांगायला धावत आला, धोतर नव्हे पँट, ती गुडघ्यापर्यंत ओली. गल्लीच्या खालच्या टोकाला पाणी शिरलंय. मी देवापुढे साखर ठेवली आणि मग आठवलं सोयर लागलं, देवाला शिवायचं नाही. शिवले तर शिवले. देवाला काय कळत नाही मला काय झालंय ते.

पणतू झाला की सोन्याची फुलं उधळतात पणजीवर. पणती झाली तर काय उधळतात? कुणी काही सांगितलेलं नाही. मी माझी मीच खिडकीतून जाईची फुलं काढली आणि डोक्यावर घेतली. कुसुम हसून हसून बसली खाली. बरं वाटलं, ती इतकी हसत नाही.

सोयर आहे म्हणून यंदा चतुर्थीला गणपती नाही. पण सप्तमीला गौरी यायच्या आणि बारावा दिवसही तोच. बारसं आणि गौरी एकाच दिवशी. हे बघायला ह्यांनी असायला हवं होतं.


श्रावण व. १४

आली घरी. छन्नूच्या नावेतून दारात. वरच्या गल्लीपर्यंत रिक्षा, तिथून नाव. दालनात गुडघाभर पाणी, पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीपासून कोरडं. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला तो पाण्यात पडला, मासे असतील तर त्यांना.

काय सांगू. मूठ एवढीशी. कानाची पाळी माझ्या आईची, अगदी तशी, दुमडलेली. हेमाला दिसत नाही, मला दिसते. तेल लावलं, टाळू भरली, टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळली. आवाज केवढा. गल्लीच्या पलीकडच्या खिडकीतून शेजारीण म्हणाली, माईजी, कोकिळा आणलीत.

खोली तयार केली होती. खिडकीला गोधडी ठोकली. नदीकडची खिडकी आहे, सारखा पाण्यावरचा वारा. शेगडी बाजेखाली. कोळसे चांगले फुलले. ओवा, बाळंतशेपा, थोडा धूप. वास आला आणि मला एकदम आई दिसली.

हेमा म्हणाली, आजी, खिडकी उघड ना ग, घबराहट होतेय. होते पहिले दोन दिवस. सवय होते.


भाद्रपद शु. १

बिजली नाही कालपासून. पंखा तसाही लावत नव्हतो.

बाळ रडतंय फार. पाठीवर, मानेच्या घडीत लाल पुरळ. घामोळं. वेखंड उगाळून लावलं. दुपारी वर आले तर खिडकीवरची गोधडी एका बाजूने काढलेली आणि कुसुम पदराने वारा घालतेय. मी गोधडी परत लावली. खिळा तिने काढून घेतला होता, तो तिच्याच मुठीतून मागून घेतला.

मग वाईट वाटलं. तिची मुलगी आहे. पण तिच्या मुलीची आजी मी आहे, आणि आजीची मुलं ह्या खोलीत वाढली.

पाणी आणखी एक पायरी वर. आरतीवाले घाट सोडून वर छतावर आरती करतात आता. आवाज उलटाच येतो, डोक्यावरून.


भाद्रपद शु. २

आज शांत आहे. झोपूनच. हलवून उठवलं तरी डोळा उघडत नाही फारसा. मी म्हटलं, बघ, लागली ना सवय, गुणाची ती. हेमाला मात्र दूध दाटलंय, बाळ ओढत नाही. हळद लावून शेकलं.

अंग गरम लागतं बाळाचं. शेगडीचंच असेल. माझंही गरमच आहे.

कुणाशी बोलावं असं वाटतंय. हे असते तर म्हणाले असते, विचार कर. नेहमी तेवढंच म्हणायचे.


भाद्रपद शु. ३

दिवसभर नीट प्यायली नाही. चमच्याने घातलं ते बाहेर. अनंताला ऑफिसातून यायला उशीर, गल्लीत नावा कमी, पोलीस फिरू देत नाहीत बढाव असला की. कुसुमने आज पहिल्यांदा


भाद्रपद शु. ४

कालचं अर्धं राहिलं.

कुसुम आत आली, शेगडी दोन्ही हातांनी उचलली, तशीच, निखाऱ्यांसकट, आणि जिन्यावरून खाली पाण्यात ठेवली. केवढा आवाज झाला. वाफ वरपर्यंत. तिची बोटं भाजली. मी ओरडणार होते, पण तिने वळून बघितलं नाही. खिडकीची गोधडी ओढली, खिळ्यासकट फाडली. बाळाला सोडवलं, टोपडं, दुपटं, झबलं, सगळं काढलं. उघडं बाळ. लाल. मला म्हणाली, सासूबाई, तुम्ही बाजूला व्हा.

तेवढंच.

बाळाचा हात हलला. तिने हलवला नव्हता. हात आणि मग डोळे. झटका होता, मला कळलं, मी बघितलेला आहे कधीतरी.

छन्नूला हाक मारली खिडकीतून. आला तो. बिचारा नावेत भिजत उभा होता कुणाची तरी वाट बघत, त्यांना सोडून आला. कुसुमने ओला पंचा बाळावर धरला होता. हेमा चार दिवसांची— नाही, आठ-नऊ दिवसांची बाळंतीण, कमरेचा पट्टा न बांधता, अनवाणी. दोघी गेल्या. मी खिडकीतून बघितलं. नाव गल्लीच्या वळणाला भिंतीला घासली आणि दिसेनाशी झाली.

आज चतुर्थी. आमच्याकडे गणपती नाही. वरच्या गल्लीतली आरती ऐकू येते.


भाद्रपद शु. ५

मी एकटी आहे घरात. शेजारीण टोपलीतून भात पाठवते, दोरीला बांधून, खिडकीतून खिडकीत. गल्ली एवढी अरुंद आहे म्हणून चाललंय. दोरी ओढताना ती विचारते, माईजी, कुछ पता चला. मी मान हलवते.

अनंता दुपारी येऊन गेला कपडे न्यायला. सलाइन लावलंय. एवढ्याशा हाताला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कमरे में आग किसने रखी. अनंता म्हणाला, मी गप्प राहिलो, काय सांगणार. कुसुम म्हणाली, हमने. डॉक्टरीणबाई तिलाच बोलल्या मग, सगळ्यांसमोर. ह्या सडक्या गरमीत नवजात पोर शेकायला ठेवलंत, तुमच्याकडे थंडीचा पाऊस पडत असेल, इथे नाही पडत. कुसुमने ऐकून घेतलं. बोटांना पट्टी आहे तिच्या.

अनंताने हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. जाताना म्हणाला, आई, जेव. आणि जिन्यावर थांबला. म्हणाला, कुसुम विचारत होती, आम्हा भावंडांचे जन्म, माझा पौषातला ना, आणि ताईचा माघातला.

हो. पौषातला आणि माघातला. छतावर पाणी ठेवलं तर सकाळी बोटं बधिर व्हायची. तेव्हा शेगडी हवीच होती. तेव्हा ह्या खोलीत शेगडी नसती तर मुलं वाचली नसती.

मी बसून आहे तेव्हापासून. खडे ज्येष्ठात उचलायचे हे कुणाला तरी कळलं. भादव्यात घाट नसतो, मग खडे कुठून आणणार, म्हणून आधी उचला. इतकं सरळ. रीत तीच ठेवली, दिवस बदलला, नदीकडे बघून. मग शेगडीचं कसं कुणी केलं नाही? गारठा आहे की नाही एवढंच तर बघायचं होतं, दार उघडून.

माझी धाकटी जाऊ, यमुना. तिचा पहिला भादव्यातला. हीच खोली. गुणाचा होता, रडायचा नाही, असं सासूबाई म्हणायच्या. मी तेव्हा दाराशी ओवा टाकायला बसायची. बारसं झालं नाही त्याचं. पाचवीला सटवीने लिहिलं तेवढं, असं सगळे म्हणाले, आणि तिला आणखी मुलं झाली, आणि कुणी ते परत काढलं नाही. मीही नाही.

पुढे लिहवत नाही.


भाद्रपद शु. ६

सकाळी छन्नू आला. नाव दाराशी न लावताच ओरडला, माई, बच्ची दूध पीयत हौ. मी म्हटलं, खरं सांग. म्हणाला, गंगाजी की कसम, बहूजी ने कहलवाया है. पाण्यात उभा राहून गंगेची शपथ घेतली, खोटं कसं असेल.

प्यायली. थोडं. चमच्याने, मग अंगावर थोडं. झटका परत आला नाही कालपासून. पण डॉक्टरीणबाई म्हणतात आत्ताच काही सांगता येत नाही, नजर धरते का बघायचं, आवाजाला दचकते का बघायचं. दिवस लागतील. आणि ह्या घरात परत आणायचं नाही पाणी असेपर्यंत. अनंताने त्या क्वार्टरची किल्ली घेतली आहे. मोठ्या खिडक्या आहेत म्हणाला होता.

हेमाने माझ्यासाठी काही सांगितलंय का विचारलं छन्नूला. म्हणाला, बिटिया सोयी रही. झोपली असेल. झोपू दे.

पाणी थांबलंय. लोक म्हणतात उद्यापासून घटाव. उतरायला लागलं की लगेच गाळ लोटायला लागतो, पाण्याच्या मागोमाग, पाण्यासकट. वाळला की मग कुदळीलाही ऐकत नाही. दरवर्षी अनंता आणि कुसुम लोटतात, मी वरून सांगते इथे राहिलं, तिथे राहिलं. यंदा कोण लोटणार आहे. मी लोटीन. का नाही.

दालनातल्या पाण्यात शेगडी दिसते वरून. तिथेच आहे, जिन्याच्या कडेला. माती विरघळली असेल लिंपलेली.


भाद्रपद शु. ७

सोयर काल संपलं. आज गौरी. आज बारसं असायचं.

सकाळपासून खड्यांचा डबा पुढ्यात घेऊन बसले होते. गौर सवाष्णीने आणायची नाहीतर कुमारिकेने. सवाष्णी दोन, दोघी दवाखान्यात. कुमारिका एक, तिला सलाइन. हे गेल्यापासून मी गौरीला हात लावलेला नाही, बाजूला बसून सांगायची फक्त. शेजारणीच्या सुनेला बोलवावं म्हटलं तर यायला नाव नाही. गौर न आणता राहावं का? ह्या घरात असं कधी झालेलं नाही. आणि मग वाटलं, काय काय झालेलं नाही असं म्हणत म्हणत आपण

मीच आणली.

एरवी खडे डब्यातून काढून घाटाच्या तोंडाशी नेतो, नदी दाखवतो आणि मग आणतो. आज नदी घरातच आहे. जिना उतरले, पाणी लागलं तिथे बसले, खडे ताम्हनात घेऊन बुडवले. लालसर होता तो ओला झाल्यावर अगदी रक्तासारखा दिसला. गौर आणताना बोलायचं नसतं, मागे बघायचं नसतं. बोलायला कोण होतं. मुक्याने वर आले. पावलं काढायची राहिली होती, रांगोळी खाली दालनातच भिजली. वर पोचून वळले तर जिन्यावर गाळाची पावलं उमटलेली, पाण्याच्या कडेपासून कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत. माझीच. तळवा सपाट, अंगठा वाकडा. तीच राहू दिली.

गौरी नदीकडच्या खिडकीत मांडल्या. खिडकी उघडी आहे. वारा येतो, समई विझते, परत लावते.

पाळणाही बांधला. शेजारीण पलीकडून बघत होती, म्हणाली, माईजी, बच्ची आ रही है का. मी म्हटलं, बांधून ठेवते. तिने घरची घुगरी पाठवली टोपलीतून.

नाव ठरलेलं आहे. हेमाने मला कानात सांगितलं होतं घरी आली त्या दिवशी. बाळाच्या कानात सांगायच्या आधी कागदावर लिहायचं नाही, म्हणून लिहीत नाही.

शेगडी काढली पाण्यातून. काठीने ओढून. टाकणार नाही. धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवीन. पौष येईल, तेव्हा छतावर बसणाऱ्याला लागेल. कुसुमला सांगायचं आहे की टाकली नाही, पण आता कधी पेटवायची ते तू सांगायचं. कसं सांगू ते जुळत नाहीये. ती आली की बघू.

संध्याकाळ झाली. अनंता आज यायचा होता. घाटाकडून माणसांचे आवाज येतायत, कुणी म्हणतं उतरलं, कुणी म्हणतं नाही. मी जिन्यावर जाऊन बघितलं. सकाळी ज्या पायरीवर बसून खडे बुडवले ती अजून पाण्यात आहे. पण पायरीच्या कडेला भिंतीवर बोटभर ओली रेघ आहे, पाण्याच्या वर. ती सकाळी होती का, मी बघितलं नव्हतं.